दुर्धर व्याधीची भाषा आणि ‘आपण’ हे सर्वनाम

१

आपल्याला झालेला रोग बरा होण्याजोगा नाही असे एखाद्या व्यक्तीस कळले म्हणजे तिच्या शरीराबरोबर तिच्या भाषाव्यवहारातही मोठी उलथापालथ होते. कालपर्यंत सहज वापरात असलेली ‘पुढच्या वर्षी’, ‘बरे वाटल्यावर’, ‘एकदा हे संपले की’ यांसारखी वाक्ये उच्चारताना जीभ अडखळू लागते. भेटीस येणाऱ्यांचीही हीच स्थिती होते. काय बोलावे हे न सुचल्यामुळे काही जण येणे टाळतात. काही जण येतात. पण हवामान, राजकारण आणि मुलांच्या परीक्षा एवढ्यावरच बोलून परत जातात. रोग्याभोवती माणसे असतात, तरी त्याच्या व्याधीविषयी त्याच्याशी बोलणारे कोणी उरत नाही. अशा वेळी पुष्कळदा असे घडते की, ज्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलेले नाही अशा दूरस्थ स्नेह्यांशी रोगी मोकळेपणाने बोलू लागतो. पूर्वी हे काम पत्रे करीत. आज ते संगणकाच्या आणि दूरध्वनीच्या पडद्यावरून होते. घरच्या माणसांना जे सांगता येत नाही ते परक्याला सांगता यावे, ही वरवर पाहता विपरीत वाटणारी गोष्ट आहे. तिचे कारण भाषेच्या घडणीत कितपत सापडते, हा येथील विचाराचा विषय आहे.

कर्करोगाच्या भाषेविषयी गेल्या अर्धशतकात जे समीक्षात्मक लेखन झाले ते मुख्यतः रूपकांभोवती फिरते. कर्करोगाला ‘शत्रू’ म्हणावे काय, उपचाराला ‘लढाई’ म्हणावे काय, त्याऐवजी ‘प्रवास’ म्हणणे अधिक बरे काय, असे प्रश्न वारंवार विचारले गेले आहेत. या सर्व प्रश्नांत रूपक आणि रोग या दोहोंचाच संबंध गृहीत धरलेला आहे. रूपक कोण योजतो आणि कोणाला उद्देशून योजतो, या तिसऱ्या घटकाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो घटक विचारात घेतला तर प्रचलित वादाचे स्वरूप कसे पालटते, हे सुसान सोंटाग आणि ऑड्री लॉर्ड या दोन अमेरिकन लेखिकांच्या ग्रंथांवरून चांगले दिसून येते.

२

सोंटाग यांचा ‘इलनेस अ‍ॅज मेटफर’ हा छोटा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य सिद्धांत सर्वपरिचित आहे. रोग हे रूपक नव्हे, आणि आजाराकडे पाहण्याची सर्वांत सत्यनिष्ठ दृष्टी म्हणजे रूपकांपासून शक्य तितकी मुक्त असलेली दृष्टी होय, असे त्या प्रतिपादन करतात. एकोणिसाव्या शतकात क्षयाला संवेदनशीलतेचे आणि उत्कटतेचे वलय लाभले. विसाव्या शतकात कर्करोगाला दडपलेल्या भावनांचा परिणाम ठरविण्यात आले. दोन्ही कल्पनांचा परिपाक एकच झाला : रोगाचा दोष रोग्याच्या स्वभावावर आला. लष्करी परिभाषेची परंपराही त्यांनी शोधली आहे. सूक्ष्मजंतू हे रोगाचे कारण असल्याचे १८८० नंतरच्या दशकात स्पष्ट होऊ लागले, तेव्हापासून ‘आक्रमण’, ‘प्रतिकार’, ‘संरक्षण’ हे शब्द वैद्यकात रूढ झाले. पुढे कर्करोगाच्या बाबतीत पेशी ‘वसाहत’ करू लागल्या, किरणांचा ‘मारा’ होऊ लागला. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी २३ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर स्वाक्षरी केली, आणि त्या धोरणाला ‘कर्करोगाविरुद्धचे युद्ध’ हे नाव मिळाले.

या ग्रंथाचे सामर्थ्य निर्विवाद आहे. रोग्याला आपल्या रोगाबद्दल लाज वाटू नये, त्याने तो लपवू नये, योग्य उपचार शोधावेत, हा त्यामागील हेतू आहे, आणि असंख्य वाचकांच्या बाबतीत तो सफल झाला असला पाहिजे. कर्करोगाचे निदान नातेवाइकांना सांगावे आणि रोग्यापासून मात्र लपवावे, ही फ्रान्स व इटली या देशांतील तत्कालीन रूढी त्यांनी नमूद केली आहे. ती वाचताना महाराष्ट्रीय वाचकास परकेपणा वाटणार नाही. ‘त्याला सांगू नका, तो खचेल’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू आलेले आहे.

तथापि या ग्रंथाच्या रचनेतील एक गोष्ट लक्षणीय आहे. सोंटाग यांना १९७५ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, स्तनाचा पुढच्या अवस्थेतील कर्करोग झाला होता. त्या जगण्याची शक्यता डॉक्टरांना फार थोडी वाटत होती. ग्रंथात या अनुभवाचा एका शब्दानेही उल्लेख नाही. ‘एड्स अँड इट्स मेटफर्स’ (१९८९) या पुढील ग्रंथात त्यांनी याचे कारण दिले आहे. कोणीतरी रोगी झाले, रडले, झगडले आणि धीर धरला, अशा प्रकारची आणखी एक प्रथमपुरुषी कहाणी सांगण्यापेक्षा एक विचार मांडणे अधिक उपयोगी पडेल, असे त्यांना वाटले. ही भूमिका सन्मान्य आहे. परंतु तिचा भाषिक परिणाम असा झाला की, संपूर्ण ग्रंथात रोगी म्हणून बोलणारा ‘मी’ नाही आणि म्हणून ‘तू’ही नाही. कर्करोगी येथे सर्वत्र ‘तो’ किंवा ‘ते’ आहेत.

प्रत्यक्ष आयुष्यात मात्र सोंटाग एकट्या नव्हत्या. त्यांच्याजवळ आरोग्यविमा नव्हता; उपचारांसाठी स्नेह्यांनी निधी उभारला. पॅरिसमधील ल्यूसियँ इझ्राएल या कर्करोगतज्ज्ञाचा सल्ला त्यांना मिळाला, आणि तुमची स्थिती निराशाजनक नाही असा धीर त्याने दिला. ही हकीकत त्यांचे पुत्र डेव्हिड रीफ यांच्या ‘स्विमिंग इन अ सी ऑफ डेथ’ (२००८) या आठवणींत आलेली आहे. म्हणजे ज्या लेखिकेने रोगाच्या भाषेतून भावनेचा अंश वगळू पाहिला, तिला स्वतःला दूरदेशीच्या एका माणसाच्या शब्दांनी आधार दिला होता. सिद्धांतात या आधाराला स्थान मिळाले नाही.

रीफ यांच्या ग्रंथातील दुसरी हकीकत अधिक विचारप्रवर्तक आहे. २००४ साली सोंटाग यांना रक्ताचा दुर्धर विकार जडला, आणि त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. या अखेरच्या आजारात आपण जगणार आहोत असेच त्यांना भोवतीच्यांकडून ऐकावयाचे होते. मृत्यूविषयी बोलणे त्यांच्या जवळच्या कोणालाही शक्य झाले नाही. पुत्राला निरोपही घेता आला नाही, ही खंत त्या पुस्तकातून व्यक्त होते. यावरून सोंटाग यांच्या सिद्धांताचे खंडन होते असे म्हणणे अनुदारपणाचे होईल. मरणाच्या भीतीने कोणाचाही सिद्धांत मोडू शकतो. परंतु भाषेतून रूपके काढून टाकली म्हणजे सत्य बोलणे आपोआप शक्य होते, ही समजूत मात्र त्यावरून निराधार ठरते. रूपकमुक्त वाक्य बोलण्यासही ते ऐकणारा कोणी लागतो.

३

ऑड्री लॉर्ड यांचे लेखन याच्या अगदी उलट टोकाला आहे. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि १९८० साली ‘द कॅन्सर जर्नल्स’ हे पुस्तक निघाले. रोजनिशीतील नोंदी आणि निबंध यांचे ते मिश्रण आहे. कृष्णवर्णीय, समलिंगी, स्त्रीवादी कवयित्री या आपल्या सर्व ओळखींसह त्या येथे ‘मी’ म्हणून बोलतात.

या पुस्तकातील एक प्रसंग बहुश्रुत आहे. शस्त्रक्रियेनंतर एक स्वयंसेविका त्यांना भेटावयास येते आणि कापलेल्या स्तनाच्या जागी बसविण्यासाठी लोकरीचा कृत्रिम स्तन देते. तिचा हेतू चांगला आहे. तिची भाषा गोड आहे. पण तिच्या बोलण्याचा रोख एवढाच आहे की, हे घातले म्हणजे पूर्वीसारखे दिसता येईल. पुढे डॉक्टरांच्या खोलीत लॉर्ड तो कृत्रिम स्तन न घालता गेल्या, तेव्हा परिचारिकेने त्यांना हटकले. तसे आल्याने तेथील इतरांचे मनोधैर्य खचते, असे तिचे म्हणणे होते. लॉर्ड यांचे उत्तर तर्कशुद्ध आहे. इस्रायलचे सेनानी मोशे दायान यांच्या डोळ्यावरील काळी पट्टी पाहून काचेचा डोळा बसवा असे त्यांना कोणी म्हणत नाही. त्यांची ती खूण शौर्याची समजली जाते. मग स्त्रीच्या व्रणाला मात्र लपविण्याची सक्ती का? लॉर्ड यांचा मुख्य युक्तिवाद यापुढचा आहे. ज्या स्त्रियांचे एक वा दोन्ही स्तन काढले गेले आहेत त्या जर एकमेकींना ओळखूच शकल्या नाहीत, तर त्या एकत्र येणार कशा? कृत्रिम स्तन केवळ व्रण झाकीत नाही. एक स्त्री दुसरीला ज्या खुणेवरून हाक मारू शकली असती ती खूणच तो पुसून टाकतो.

लॉर्ड युद्धाचे रूपक निःसंकोचपणे योजतात. डाहोमीच्या स्त्रीयोद्ध्यांची प्रतिमा त्यांच्या लेखनात येते. स्वतःला त्या योद्धा म्हणवितात. सोंटाग यांच्या कसोटीस हे लेखन उतरणार नाही. परंतु हे युद्ध कोणाशी आहे, हे पाहिले पाहिजे. निक्सन यांच्या युद्धात शत्रू पेशी असून योद्धे शास्त्रज्ञ आहेत, आणि रोग्याचे शरीर ही केवळ रणभूमी आहे. लॉर्ड यांच्या युद्धात शत्रू म्हणजे मौन. आणि योद्धा एक नसून अनेक आहेत. १९७७ च्या डिसेंबरमध्ये, एक गाठ निरुपद्रवी ठरल्यानंतर, त्यांनी शिकागो येथील भाषा-साहित्य परिषदेत दिलेले मौनाविषयीचे भाषण याच पुस्तकाच्या आरंभी घेतलेले आहे. आपल्या मौनाने आपले रक्षण झाले नाही, आणि श्रोत्यांच्या मौनानेही त्यांचे होणार नाही, हे त्याचे सूत्र आहे. एकाच वाक्यात ‘मी’वरून ‘तुम्ही’कडे जाणारी ही वळणे लॉर्ड यांच्या गद्याचा कणा होत.

१९८४ साली त्यांच्या यकृतात गाठ आढळली. पुढील तीन वर्षांची रोजनिशी ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’ (१९८८) या पुस्तकात आहे. दोन पुस्तकांतील स्वर निराळा आहे. पहिल्यात शस्त्रक्रिया झालेली, पण पुढे आयुष्य असलेली स्त्री बोलते. दुसऱ्यात उरलेल्या दिवसांचा हिशेब मांडणारी. याच काळात त्या पश्चिम बर्लिनच्या विद्यापीठात शिकवीत होत्या. तेथील कृष्णवर्णीय जर्मन तरुणी प्रथमच एकमेकींना शोधीत होत्या. त्यांच्या चळवळीतून १९८६ साली ‘फार्बे बेकेनेन’ हा ग्रंथ निघाला. न्यूयॉर्क, बर्लिन, कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेट, अशा दूरदूरच्या ठिकाणी पसरलेल्या मैत्रिणींच्या आधाराने ही रोजनिशी लिहिली गेली आहे. तिच्यात रोगाच्या नोंदींच्या शेजारी दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाच्या नोंदी येतात. हे विषयांतर नव्हे. ज्या माणसांशी आपण बांधलेले आहोत त्यांच्या व्यवहारात आपले स्थान अद्याप शाबूत आहे, याची ती खात्री आहे.

लॉर्ड यांच्या लेखनाची मर्यादाही स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. १९८४ साली त्यांनी यकृताच्या गाठीची तुकडातपासणी नाकारली. १९८५ च्या डिसेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधील आर्लेसहाइम येथील रुग्णालयात त्या राहिल्या, तेथील उपचारपद्धती प्रचलित वैद्यकाहून भिन्न होती. या निर्णयांचे त्या जे समर्थन करतात त्यात वैद्यकीय युक्तिवाद आणि आत्मनिर्णयाचा राजकीय युक्तिवाद परस्परांत मिसळून जातात. त्या १९९२ पर्यंत जगल्या, एवढ्यावरून त्या उपचारांविषयी काहीच सिद्ध होत नाही. शिवाय कर्करोग आणि वर्णद्वेष यांची सांगड घालताना कित्येकदा रोग हे अन्यायाचे चिन्ह बनते. सोंटाग यांनी ज्याला हरकत घेतली तो दोष येथे खरोखरच संभवतो. तरीही वाचकाच्या मनावर होणारा परिणाम भिन्न आहे. सोंटाग यांच्या वाचकाला रोगाविषयीचा भ्रम दूर झाल्याचा अनुभव येतो. लॉर्ड यांच्या वाचकाला आपल्याशी कोणी बोलत आहे असा अनुभव येतो. पहिल्याची गरज निरोग्यालाही आहे. दुसऱ्याची गरज रोग्याला अधिक आहे.

४

या भेदाची कारणमीमांसा करण्यास फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमील बाँव्हनीस्त यांचा एक विचार उपयोगी पडतो. १९४६ साली क्रियापदातील पुरुषव्यवस्थेविषयी लिहिताना त्यांनी असे दाखविले की, व्याकरणात तीन पुरुष एका रांगेत मांडले जात असले तरी ते समान दर्जाचे नाहीत. ‘मी’ आणि ‘तू’ हे संभाषणात प्रत्यक्ष सहभागी असतात आणि आपापली जागा बदलू शकतात. ‘तो’ मात्र संभाषणाबाहेर असतो, आणि त्या अर्थाने तो ‘पुरुष’च नव्हे. दुर्धर रोग्याची शोकांतिका व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाची तर ती हीच आहे. जिवंत असताना, त्याच खोलीत असताना, तो हळूहळू तृतीयपुरुषी होत जातो. ‘ते काही खात आहेत का?’, ‘त्यांना झोप लागली का?’ हे प्रश्न त्याच्या उशाशी उभे राहून दुसऱ्याला विचारले जातात.

२०१४ च्या जानेवारीतील एक वाद याचे बोलके उदाहरण आहे. लिसा बाँचेक अ‍ॅडम्स या अमेरिकेतील कनेटिकट राज्यात राहणाऱ्या स्त्रीला २०१२ साली स्तनाच्या कर्करोगाने शरीरात अन्यत्र शिरकाव केल्याचे निदान झाले होते. आपल्या उपचारांविषयी, वेदनांविषयी आणि मुलांविषयी ती त्या वेळी ट्विटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माध्यमातून रोज लिहीत असे, आणि अनेक अपरिचित रोगी तिच्याशी बोलत असत. एमा केलर यांनी लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये आणि त्यांचे पती बिल केलर यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तिच्यावर लेख लिहिले. पहिल्यात इतके उघड बोलणे योग्य काय, अशी शंका होती; दुसऱ्यात तिच्या उपचारांची तुलना इंग्लंडमध्ये शांतपणे मरण पावलेल्या एका वृद्ध आप्ताशी केलेली होती. वाचकांचा रोष एवढा झाला की ‘गार्डियन’ने तो लेख काढून टाकला. अ‍ॅडम्स ६ मार्च २०१५ रोजी मरण पावली.

या वादाचा निवाडा सामान्यतः शिष्टाचाराच्या दृष्टीने केला गेला. भाषिक दृष्टीने पाहता येथे एका पुरुषाचे दुसऱ्या पुरुषात रूपांतर झाले होते. अ‍ॅडम्स ‘मी’ म्हणून ‘तुम्हां’ला उद्देशून बोलत होती, टीकाकारांनी त्या उक्ती उचलून ‘ती असे करते’ या साच्यात बसविल्या. विशेष हे की, दुसऱ्या लेखात तिच्या उपचारांचे वर्णन लष्करी परिभाषेत आले. उलट अ‍ॅडम्सने स्वतः आपल्या मरणानंतर ती ‘लढाई हरली’ असे म्हणू नये, अशी इच्छा लिहून ठेवली होती. योद्ध्याचे रूपक येथे बाहेरून लादले गेले. तेच रूपक लॉर्ड यांनी स्वतः होऊन स्वीकारले होते. शब्द तोच, त्याचा दाता निराळा.

येथे एक शंका संभवते. सार्वजनिक माध्यमावर हजारो लोकांसमोर केलेल्या लेखनाला खाजगी संभाषण कसे म्हणावे? जे सर्वांसमोर ठेवले त्यावर कोणीही बोलावे. ही शंका रास्त आहे, आणि टीका करण्याचा अधिकार कोणासही नाकारता येणार नाही. परंतु उघड्यावर झालेले बोलणे आणि सर्वांना उद्देशून केलेले बोलणे या दोन भिन्न गोष्टी होत. कीर्तनात बुवा श्रोत्यांपैकी एकाला उद्देशून बोलतात तेव्हा ते सर्वांना ऐकू जाते. म्हणून ते सर्वांना उद्देशून बोलले असे होत नाही.

५

रूपकांचा विचार वक्ता व श्रोता यांना धरून करावा, या मतास अलीकडील संशोधनाचाही आधार मिळतो. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात एलेना सेमिनो आणि त्यांचे सहकारी यांनी कर्करोगाचे रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे आप्त आणि वैद्यकीय व्यावसायिक यांच्या भाषेचा सुमारे १५ लाख शब्दांचा संग्रह तपासला. त्यात मुलाखतींबरोबरच या तिन्ही गटांतील व्यक्तींनी आपापल्या वर्तुळात एकमेकांना उद्देशून केलेले लेखनही आहे. त्यांचा ग्रंथ २०१८ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटिश आरोग्यसेवेच्या २००७ च्या कर्करोगविषयक धोरणपत्रात युद्धाची भाषा टाळून ‘प्रवास’ आणि ‘मार्ग’ यांची भाषा स्वीकारलेली होती. युद्धाचे रूपक घातक आणि प्रवासाचे रूपक सौम्य, ही त्यामागील धारणा होती. संग्रहाच्या तपासणीत ही धारणा टिकली नाही. रुग्ण एकमेकांशी बोलताना युद्धाची भाषा व्यावसायिकांपेक्षा अधिक वापरतात. ती कधी त्यांचे बळ वाढविते, कधी आपण कमी पडलो अशी अपराधी भावना निर्माण करते. प्रवासाचे रूपकही तसेच दुधारी आहे. सोबत्यांसह केलेला प्रवास धीर देतो. आपण न निवडलेल्या, नकाशा नसलेल्या वाटेवरचा प्रवास हतबल करतो.

या संशोधनाचे महत्त्व मोठे आहे. रूपके चांगली वा वाईट नसतात, त्यांचे उपयोग तसे असतात, हे त्याने संख्येच्या आधारे दाखविले. पुढे या संशोधकांनी रुग्णांसाठी नाना रूपकांची एक निवडयादीही तयार केली. तथापि या पद्धतीत एक उणीव राहते. संग्रहातील वाक्य मोजता येते. ते ज्या नात्यातून उच्चारले गेले ते नाते मोजता येत नाही. एखादी रुग्ण दुसरीला ‘तू लढवय्यी आहेस’ असे लिहिते, तेव्हा त्या वाक्याचे बळ ‘लढवय्यी’ या शब्दात आहे, की ते लिहिणारी स्वतः त्याच औषधांनी थकलेली आहे यात आहे? निरोगी शेजारणीने तेच वाक्य उच्चारले तर ते पोकळ वाटते. म्हणजे वाक्याच्या अर्थात उच्चारणाऱ्याचे शरीरही सामील असते.

दूरस्थ स्नेह्यांशी होणारे बोलणे पुष्कळदा अत्यंत क्षुल्लक असते. ‘आज कसे आहे?’, ‘जेवण गेले का?’, ‘रिपोर्ट आला का?’ एवढेच. माहितीच्या दृष्टीने या वाक्यांत फारसे काही नाही. माणसे केवळ सांनिध्य टिकविण्यासाठी जे बोलतात त्याकडे मालिनोव्स्की यांनी १९२३ सालीच लक्ष वेधले होते. दुर्धर रोगात हे सांनिध्यनिष्ठ बोलणेच प्रधान होते. रात्री दोन वाजता, औषधांमुळे झोप उडालेली असता, दुसऱ्या शहरात तशीच जागी असलेली कोणी उत्तर देते, तेव्हा उत्तरातील मजकुरापेक्षा उत्तर आले हीच मुख्य गोष्ट असते.

६

मराठीच्या दृष्टीने या प्रश्नाला एक विशेष परिमाण आहे. ‘कर्करोग’ हा शब्द स्वतःच रूपक आहे. ग्रीक वैद्यांनी गाठीला खेकड्याचे नाव दिले, ते लॅटिनमधून युरोपीय भाषांत आणि तेथून ‘कर्क’ या संस्कृत शब्दाच्या साह्याने मराठीत आले. सुश्रुतसंहितेतील ‘अर्बुद’ हा जुना शब्द त्यामुळे मागे पडला. व्यवहारात ‘कॅन्सर’ हाच शब्द चालतो, आणि घरात तोही न उच्चारता ‘ते दुखणे’ असे म्हटले जाते.

मराठी वाक्यरचना मात्र रोग्याला योद्धा बनविण्यास स्वभावतः अनुकूल नाही. ‘मला ताप आला’, ‘मला भूक लागली’ याच साच्यात ‘मला कर्करोग झाला’ हे वाक्य बसते. रोग हा वाक्याचा कर्ता आहे; माणूस चतुर्थीत आहे. जे घडले ते त्याच्याकडे आले, त्याने ते केले नाही, ही जाणीव या रचनेतच आहे. रोगाचा दोष रोग्याकडे जाऊ नये, असे सोंटाग यांना जे वाटत होते ते मराठीच्या व्याकरणाने, निदान या एका वाक्यापुरते, साधलेले आहे. ‘त्यांनी कर्करोगाशी झुंज दिली’ असे म्हणताच रचना पालटते. चतुर्थीतील माणूस तृतीयेत येतो, कर्ता होतो, आणि मग ‘झुंज अपयशी ठरली’ या वृत्तपत्री वाक्याचा भारही त्याच्यावर पडतो. ही वाक्ये मुख्यतः मृत्युलेखात आढळतात, म्हणजे तृतीयपुरुषात. उलट रोगी स्वतः बोलतो तेव्हा ‘दिवस काढतो आहे’, ‘सोसतो आहे’, ‘निभावतो आहे’ ही क्रियापदे त्याला जवळची वाटतात. त्यांत विजयाची वा पराभवाची भाषा नाही.

दुसरे वैशिष्ट्य अधिक मोलाचे आहे. इंग्रजीत एकच असलेल्या प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनामाला मराठीत दोन रूपे आहेत : श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’. गुजरातीत आणि द्राविडी भाषांतही हा भेद आहे. रोग्याच्या भोवतीच्या संभाषणात या भेदाचा कस लागतो. डॉक्टर म्हणतात, ‘आपण केमो सुरू करू’. नातेवाईक म्हणतात, ‘आपण यातून बाहेर पडू’. हा ‘आपण’ स्नेहाचा असतो, पण तो अक्षरशः खरा नसतो. सुई एकाच्याच हाताला टोचणार असते, आणि हे रोग्याला कळत असते. सत्य सांगावयाचे तर ‘आम्ही आहोत, तू घाबरू नकोस’ असेच म्हणावे लागेल, आणि त्या ‘आम्ही’त रोगी नसतो. त्याच रोगाने ग्रस्त असलेला दूरचा मित्र जेव्हा ‘आपण’ म्हणतो, तेव्हा मात्र ते सर्वनाम त्याच्या व्याकरणिक अर्थाने पूर्णपणे खरे ठरते. घरच्यांना जे सांगता येत नाही ते अपरिचितास का सांगता येते, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे. आप्तांचे प्रेम अधिक असते; पण ‘आपण’ म्हणण्याचा अधिकार त्यांना नसतो. शिवाय त्यांच्याशी बोलताना रोग्याला त्यांचे दुःखही सांभाळावे लागते.

हा ‘आपण’ही अभंग नसतो, हे येथे विसरता कामा नये. ज्यांचा रोग बरा झाला आहे आणि ज्यांचा बरा होणार नाही, त्यांचे ‘आपण’ एका टप्प्यावर फुटते. वाढलेल्या रोगाचा माणूस हा बऱ्या झालेल्यांना आपल्या भीतीची आठवण करून देतो. त्याच्याशी बोलताना त्यांची वाक्ये आखूड होऊ लागतात. लॉर्ड यांच्या दोन पुस्तकांतील स्वरभेदाचे एक कारण हेच असावे. मित्रत्वाची खरी परीक्षा या टप्प्यावर होते, कारण येथून पुढे ‘आपण’ हे रोगाच्या समानतेवर आधारलेले राहत नाही. ते जाणूनबुजून टिकवावे लागते.

मराठीतील ‘सोबत’ हा शब्द या अवस्थेला नेमका लागू पडतो. घरात एकटे असलेल्या माणसाकडे रात्री कोणी ‘सोबतीला’ जाते, तेव्हा त्याने काही करावयाचे नसते. तो अंधार घालवीत नाही आणि चोराशी लढण्याची प्रतिज्ञाही करीत नाही. तो फक्त तेथे असतो, आणि हाक मारली तर ओ देतो.

७

सारांश, कर्करोगाच्या भाषेचा प्रश्न रूपकांची निवड करून सुटणारा नाही. सोंटाग यांनी रूपकांचा जाच दाखवून दिला, ही त्यांची कामगिरी मोठी आहे. परंतु रोग्याला तृतीयपुरुषातून बाहेर काढण्याचे कार्य त्यांच्या ग्रंथाने केले नाही. लॉर्ड यांनी सदोष रूपकांनिशी ते केले. सेमिनो प्रभृतींच्या संशोधनाने रूपकाचे मूल्य उपयोगावर अवलंबून असते हे सिद्ध केले. तो उपयोग कोणत्या नात्यात होतो, हे पाहणे ही पुढची पायरी होय.

मराठी भाषक रोगी आणि त्यांचे स्नेही एकमेकांशी कसे बोलतात, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची निवड निदानाच्या आधी व नंतर कशी बदलते, चतुर्थीतील माणूस केव्हा कर्ता होतो आणि केव्हा पुन्हा चतुर्थीत परततो, याचा पद्धतशीर अभ्यास होणे अगत्याचे आहे. हा अभ्यास करणाऱ्यास संबंधितांची अनुमती घ्यावी लागेल, आणि त्यांच्या उक्ती तृतीयपुरुषात नेताना फार जपून वागावे लागेल. केवळ व्याकरणासाठी नव्हे तर व्यवहारासाठीही त्याचा उपयोग आहे. मृत्यूच्या समीप असलेल्या मित्राकडे जाताना कोणते शब्द बरोबर न्यावेत, असे पुष्कळांना वाटत असते. वरील विवेचन ग्राह्य असेल तर शब्दांच्या आधी सर्वनामाचा विचार केला पाहिजे, आणि मित्राशी त्याच्या रोगाविषयी बोलताना त्यालाच ‘तू’ म्हणून विचारले पाहिजे.